आमंत्रणाचा चौथा खर्डा

प्रिय कलावंत,
(पहिल्या खर्ड्यात ‘माननीय’ होतं.
दाउमांतेने खोडलं. म्हणाली, माननीय माणसं
पडलेली सुई शोधायला जमिनीवर रांगत नाहीत.)

आमचं गाव लिथुआनियाच्या नकाशावर
नेमकं घडी पडते तिथे आहे,
म्हणून नाव धड वाचता येत नाही.
गिरणी मात्र स्टेशनातून दिसते. लाल विटा, धुराडं,
आणि धुराड्यावर करकोच्याचं घरटं.
ते महोत्सवाचं बोधचिन्ह नाही,
पण सगळे तसंच समजतात.

इथे जवसाचं सूत निघायचं.
जवसाचं फूल निळं, सकाळी उमलतं,
दुपारच्या भोंग्याला गळून गेलेलं असतं.
काड्या तळ्यात कुजत घालायचे,
तो वास आठ मैल जायचा.
म्हातारे म्हणतात, अर्धा पगार त्या वासाचाच होता.
मग मालक गेले, यंत्रं भंगारात गेली,
एका हिवाळ्यात वरचा मजला जळला.
सुंभ जळाला. पिळाचं काय झालं
ते बघायलाच तर आम्ही तुम्हाला बोलावतो आहोत.

नियम:
साहित्य कुठलंही. लोकर, रेशीम, केळीचा सोप,
केस, मासेमारीचं फाटकं जाळं.
रुंदी दोन मीटरच्या आत, कारण दार तेवढंच.
वजनाचं तुळयांना विचारून कळवतो.
येतानाचा टपालखर्च तुमचा, परतीचा आमचा;
हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिणं भाग आहे.
उत्तरेच्या कोपऱ्यात छत गळतं.
सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांनी
एवढं चालवून घ्यावं.
गेल्या खेपेस बिश्केकच्या जिपाराने नमदा पाठवला,
त्यात कसलंसं बी अडकलं होतं.
सप्टेंबरात नमदा उगवला.
आम्ही पाणी घालत राहिलो.

इथवर टाइप झालं, आणि एल्विरा
फरशी पुसायला आली.
एकोणतीस वर्षं याच दालनात, अकरा नंबरच्या मागावर.
पुसता पुसता तिने पडद्यावरचं वाचलं:
‘धाग्याशी नातं असलेल्या सर्वांना.’
‘सर्वांना?’ तिने विचारलं,
आणि बादली उचलून निघून गेली.

तिसरा खर्डा तिथेच फाटला.

संध्याकाळी दाउमांते पत्र घेऊन तिच्या घरी गेली.
हातात दिलं, टपालाने नाही.
‘कला?’ एल्विरा म्हणाली, ‘मी टॉवेल विणले.
त्यांना पुसलेले चेहरे कुठे आहेत, विचार त्यांना.’
मग उठली, ओट्याखालून तीन बरण्या काढल्या,
लोणच्याच्या, झाकण गंजलेल्या.
आत नखाएवढे धागे, हजारो.
धागा तुटला की गाठ मारायची,
गाठीची शेपटं कापायची.
फोरमन टाकाऊ सूत तोलायचा,
जेवढं जास्त, तेवढा पगार कमी.
म्हणून खिशात. म्हणून बरणीत.
‘भिंतीवर नका लावू,’ ती म्हणाली,
‘कुणी सांगावं, अजून कापून घेतील.’

तर, प्रिय कलावंत,
अकरा नंबरच्या जागी जमिनीत
बोल्टांची चार भोकं आहेत.
ती जागा आम्ही कुणालाच देत नाही.
तुमचं काम पंधरा मार्चपर्यंत पाठवा,
आणि सोबत, वेगळ्या पाकिटात,
तुम्ही फेकला नाहीत तो तुकडा.
कुणापासून लपवला होता
ते लिहिलंत तर बरं. नाही लिहिलंत तरी चालेल.

आपली,
आणि सही कुणी करायची यावर अजून वाद चालू आहे.

ता. क. एल्विरा विचारते,
तुमच्याकडे तुटलेला धागा जोडताना
गाठ कोणती मारतात?
तिला भाषा येत नाही.
चित्र काढून पाठवा.